करूळ घाटात थरथरणारी गाडी: ब्रेकचे भाग कंपनीचे की बाजारातले?

गाडी २०१५ ची, पेट्रोलवरची हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ही त्याआधीची. मालक माध्यमिक शाळेत शिक्षक, राहायला कोल्हापुरात फुलेवाडीत, मूळ घर खाली कोकणात वैभववाडीकडे. त्यामुळे बहुतेक शनिवारी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा आणि रविवारी संध्याकाळी चढून यायचं, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ. उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजला गाडी आली ती एका सोमवारी सकाळी.

"मिस्त्री, ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायलंय. गाडी डावीकडं ओढायलीया. आणि परवा घाट उतरताना खाली पॅडल एकदम मऊ पडलं, दोनदा मारल्यावर ब्रेक लागला."

पुढचे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या वड्या, वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलले होते, बाजारातले, स्वस्तातले. त्यावरून घरात दोन तट पडले होते. बाईंचं, म्हणजे मालकांच्या पत्नीचं म्हणणं, जिवाचा प्रश्न आहे, सगळं कंपनीचं ओरिजिनल घाला. मेहुणे शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या तपासणी विभागात. ते म्हणत होते, "दाजी, डिस्क आमच्या भट्टीतनंच जातीया. खोकं बदललं की भाव बदलतोय, माल त्योच." सरांना आमच्याकडून एका शब्दात उत्तर हवं होतं. ते देण्याआधी चाकं काढून बघू दे, एवढं मी मागून घेतलं.

तक्रारी तीन होत्या आणि तिन्हींची कारणं वेगळी निघाली. पॅड खराब म्हणून ब्रेक खराब, असं एकच कारण धरून आम्ही नुसते महागडे पॅड घातले असते, तर सर पुढच्याच शनिवारी तसेच डावीकडे ओढत घाट उतरले असते.

आधी ओढण्याचं. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे जाते, म्हणजे उजवं चाक कमी धरतंय. उजव्या कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यातला, पॅड काढून हातात घेतला तर तो वरच्या टोकाला जाड आणि खालच्या टोकाला पातळ, तिरका झिजलेला. असा पॅड दिसला की पॅडला बोल लावण्याआधी कॅलिपरच्या पिना बघाव्यात. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. वरची पीन बोटाने सरकत होती, खालची पाना लावूनही हलेना. ठोकून काढली तर अंगावर गंज, आणि भोवती पिवळं साधं ग्रीस, चाकाच्या बेअरिंगला लावतात ते. तिचा रबरी बूट फुगून ढिला पडला होता. ब्रेकमधलं रबर ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलला दाद देत नाही, पण खनिज तेलाचं ग्रीस लागलं की फुगतं. बूट फुगला, तोंड उघडं पडलं, गगनबावड्याच्या पावसाचं पाणी आत गेलं आणि पीन जाम झाली. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं. दोन-चार ग्रॅमचा प्रश्न असतो, पण घाईत हाताशी जो डबा असेल त्यातलं बोट फिरवलं जातं. पॅड बदलताना झालेली ही चूक त्या स्वस्त पॅडच्या नावावर जमा झाली होती. याच हातांनी कंपनीचे पॅड बसवले असते, तरी ते असेच तिरके झिजले असते.

मऊ पॅडलचं कारण टाकीत होतं. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट झालेलं, आणि शेवटचं कधी बदललं ते सरांना आठवत नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मानकातली मर्यादा १४० अंशांची आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला जोर पोहोचत नाही. यात पॅड कुठल्या खोक्यातला होता, याने काही फरक पडत नाही.

थरथर मात्र डिस्कची. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. उजवी डिस्क कुठे १५.३८ मिमी, कुठे १५.४२. कागदावर चार शतांश मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण डिस्क फिरताना जाड भाग पॅडमधून गेला की कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, आणि तोच झटका स्टिअरिंगवर हाताला लागतो. पंधरा-वीस मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे फरक गेला की बहुतेक गाड्यांत थरथर जाणवू लागते. इथे चाळीस होता. डिस्कवर निळसर डाग पडले होते, काठाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या. लेथवर टर्न करून सपाट करावी म्हटलं, तर दोन्ही बाजू मिळून चार दशांश तरी जाणार. डिस्कच्या टोपीवर, म्हणजे मधल्या उंच भागावर, किमान जाडी १५ मिमी अशी कास्टिंगमध्येच उठवलेली आहे. हिशेब १४.९८ वर येतो. डावी थोडी बरी होती, पण एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी डिस्क ठेवत नाहीत. दोन्ही बदलायच्या ठरल्या.

आता राहिले ते पॅड. डाव्या बाजूच्या पिना सुटसुटीत होत्या, म्हणजे त्या पॅडला सबब सांगायला जागा नव्हती. तरीही त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला. कडेला नख लावलं तर घर्षणाचा थर मागच्या लोखंडी पट्टीपासून सुटू लागलेला आणि मधे गंज. आवाज दाबणारी शिम नाही. कडेला एक अक्षर छापलेलं नाही. एरवी कडेवर बनवणाऱ्याचा संकेत असतो आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं, एफएफ, ईएफ अशी. पहिलं साधारण तापमानातल्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरच्या पकडीचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. ही अक्षरं दर्जा सांगत नाहीत. पॅड किती टिकेल, आवाज करेल का, हे त्यातून कळत नाही. पण ज्याने आपला माल मोजलाय त्यानेच ती छापलेली असतात. हा पॅड कोणी बनवला तेच कळायला मार्ग नव्हता. असला माल मी घाटात जाणाऱ्या गाडीला लावणार नाही, आणि गावात फिरणाऱ्या गाडीलाही नाही.

म्हणजे बाईंचं म्हणणं अर्धं खरं ठरलं. मेहुण्यांचंही अर्धं खरं होतं, आणि ते कुठवर खरं, हे ठरवणं हेच या कामातलं मोठं काम.

कोल्हापूरच्या माणसाला ओतकाम नव्याने शिकवायला नको. एकेकाळी इथे शेतीच्या ऑइल इंजिनांचं कास्टिंग व्हायचं, आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या भट्ट्यांतून देशभरच्या गाड्यांचे भाग निघतात. ब्रेकची डिस्क म्हणजे करडं बीड. त्यातले ग्राफाइटचे पापुद्रे उष्णता पसरवतात आणि कंपनं मारतात, म्हणून इतक्या वर्षांत साध्या गाड्यांना याहून परवडणारा पर्याय आला नाही. डिस्कचा मोठा गुण असा, की तिचं बरंचसं खरंखोटं हातात घेऊन मोजता येतं. जाडी, टोपीची उंची, हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) भोक, डिस्कच्या आतल्या-बाहेरच्या दोन पाळ्यांमधली पोकळी, सगळ्याला माप आहे.

मेहुणे स्वतः लक्ष्मीपुरीतल्या दुकानात माझ्यासोबत आले. काउंटरवर तीन डिस्क मांडल्या: कंपनीच्या खोक्यातली, एका नावाजलेल्या ब्रेक उत्पादकाची त्याच्या स्वतःच्या खोक्यातली, आणि एक बिननावाची. बिननावाची त्यांनी उचलली, कडेवरून आडवी धरली आणि बोट ठेवून दाखवली. आतली पाळी पाच मिलिमीटर, बाहेरची जेमतेम चार. "कोअर सरकलाय हिचा," एवढंच म्हणाले आणि खाली ठेवली. ओतताना मधला वाळूचा गाभा एका बाजूला सरकला की एक पाळी पातळ होते. पातळ बाजू लवकर तापते, डिस्क तिरकी फुगते, आणि चार महिन्यांत पुन्हा तीच थरथर. त्याच भट्टीतनं सगळा माल जातो, असं म्हणणाऱ्या माणसानेच हा माल बाद केला, आणि बाद करण्याचं कारण कोणालाही व्हर्नियरने पडताळता येण्यासारखं होतं. दुसरी डिस्क मात्र सगळ्या मापांत कंपनीच्या डिस्कच्या बरोबरीला उतरली, जाडीतला फरक एक शतांशाच्या आत. त्या दिवशीचे जोडीचे भाव असे: कंपनीची ५,६०० रुपये, नावाजलेली ३,७००, बिननावाची २,२००. आम्ही ३,७०० ची घेतली. इथे कंपनीच्या शिक्क्यासाठी १,९०० रुपये जास्त मोजावेत, असं काही मला त्या लोखंडात दिसलं नाही.

पॅडचं गणित निराळं. राळ, धातूचे तंतू, ग्राफाइट, बॅराइट, रबराची भुकटी असे पाच-पंधरा घटक दाबून, भाजून एक वडी करतात. कांदा-लसूण मसाला घरोघर त्याच जिनसांचा असतो आणि चव प्रत्येक घरची वेगळी, तसंच हे. व्हर्नियर लावून त्यातलं काही कळत नाही. ब्रेकचा नामांकित कारखाना गाडी कंपनीला एक मिश्रण देतो, आणि स्वतःच्या नावाने बाजारात विकताना तेच देतो किंवा वेगळं देतो; खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. मेहुण्यांचं भट्टीचं तत्त्व डिस्कला लागू पडलं, ते पॅडला लावता येत नाही. युरोपात यासाठी आर-९० नावाचा नियम आहे. बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या पंधरा टक्के वर-खाली, एवढ्यातच असली पाहिजे. तशी खूण असलेले पॅड आपल्याकडेही काही गाड्यांसाठी मिळतात आणि मिळाले तर मी बिनदिक्कत लावतो. या गाडीच्या मापात त्या दिवशी दुकानात नव्हते.

सरांना हे पटवायला मी कागदावर एक हिशेब मांडला, तो इथेही देतो. माणसं आणि सामान धरून गाडी ११०० किलो. शंभर मीटर उंची उतरली की साधारण ११ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन्ही डिस्क मिळून दहा किलो बीड. इंजिनाची मदत न घेता, वाऱ्याने काहीच थंड होत नाही असं धरून, सगळा भार या दहा किलोवर टाकला तर दर शंभर मीटरला डिस्क सव्वादोनशे अंशांहून जास्त तापेल. प्रत्यक्षात वारा थंड करतो, मागचे ड्रम वाटा उचलतात, म्हणून एवढं होत नाही. पण गगनबावड्यापासून खाली कोकणात उतरताना शंभर मीटर कितीदा येतात, ते त्या रस्त्याने गेलेल्या माणसाला सांगायला नको. गरम झाल्यावर पकड सुटणारा पॅड शहरात, राजारामपुरीत कधीच उघडा पडत नाही. तो उघडा पडतो तिसऱ्या-चौथ्या वळणाला, समोरून एसटी चढत असताना.

तेव्हा पॅड कंपनीचे घेतले. २,४५० रुपये, नावाजलेल्या बाजारी पॅडपेक्षा १,०७० ने महाग. हीच गाडी शाहूपुरी ते विद्यापीठ एवढीच फिरणारी असती, तर मी १,३८० वाले सुचवले असते आणि मनात शंका ठेवली नसती. या गाडीचा शनिवार वेगळा होता.

कंपनीचं खोकं म्हणजे कंपनीचा माल, असंही गृहीत धरलं नाही. जोरात खपणाऱ्या भागांची नकली खोकी बाजारात येतात, आणि ती हुबेहूब असतात. अधिकृत काउंटरवरून, भाग क्रमांक गाडीच्या चासी नंबरवरून काढून, पक्क्या बिलावर घेतले. घरी ओरिजिनल हवं असा आग्रह असेल तर तो दुकान कोणतं, या प्रश्नापर्यंत न्यायला हवा. नाहीतर ओरिजिनलच्या भावात बिननावाचा पॅड घरी येतो, आणि हे बाजारातलं सगळ्यात वाईट काम आहे असं माझं मत आहे. स्वस्त पॅड निदान स्वस्त म्हणून तरी विकला जातो.

पिना, बूट, क्लिपा यांचं किट दोन्ही बाजूंना कंपनीचंच, प्रत्येकी ३८० रुपये. रबराच्या बाबतीत मी भाव करत नाही. दीडशे रुपयांचं किटही मिळतं, पण रबर कशाचं आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि ते फसलं की काय होतं ते या गाडीने नुकतंच दाखवलं होतं. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं, बंद डब्यातलं, २६० रुपयांचं. त्यात कंपनीच्या शिक्क्याची गरज नाही, डबा आपल्यासमोर फोडला जाणं महत्त्वाचं. सगळं मिळून सुटे भाग ७,१७० रुपयांचे झाले. सरसकट कंपनीचे घेतले असते तर ९,०७०.

बसवताना एक अडचण आली. उजवी डिस्क हबवर चढवून डगमग मोजायचा डायल लावला तर डगमग ०.०९ मिमी. मर्यादा साधारण ०.०५ ची. नवी कोरी डिस्क, आणि बाजारातली. "बघा, डुप्लिकेट वाकडीच निघाली," असं म्हणून ती परत करायचा मोह इथे होतो आणि पुष्कळ ठिकाणी तसंच होतं. डिस्क उतरवली, हबच्या तोंडावर गंजाचा पातळ पापुद्रा होता, तो तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने साफ केला. डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा चढवली. डायल ०.०४ वर आला. डगमग राहिली असती तर काही हजार किलोमीटरमध्ये डिस्क एकाच जागी घासून तिची जाडी पुन्हा कमीजास्त झाली असती, आणि दोष डिस्कच्या कंपनीला गेला असता. मागचे ड्रम उघडले, सिलिंडर कोरडे होते, शूची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांची) जाडी निम्म्याच्या वर होती. साफ करून, ओढ जुळवून तसेच ठेवले. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून ऑइल पूर्ण बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सर आणि मी पन्हाळा रोडला गेलो. ६० वरून २० वर, थांबायचं नाही, मग अर्धा किलोमीटर मोकळं चालवायचं, असं दहा वेळा. नवा पॅड नव्या डिस्कवर एकसारखा बसायला हे करावं लागतं, आणि गरम ब्रेक दाबून धरून उभं राहायचं नसतं, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. केर्लीवरून जोतिबाला चढून गेलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली तापमान मोजायच्या गनने डिस्क बघितल्या. उजवी १४५, डावी १४० अंश. दोन्ही बाजू सारखं काम करत होत्या, गाडी सरळ थांबत होती.

उतरताना सर चौथ्यात गाडी सोडून ब्रेकवर पाय ठेवत असत, हे तेव्हाच कळलं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे त्यांना एसटीच्या एका निवृत्त चालकाने पूर्वी सांगितलं होतं, पण पेट्रोल जास्त जाईल म्हणून ते पाळत नव्हते. इंजेक्शनच्या इंजिनात गिअरवर उतरताना, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असला की पेट्रोल उलट बंद होतं, हे सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. माझ्या मते या गाडीच्या ब्रेकचं आयुष्य जितकं या एका सवयीने वाढलं, तितकं कुठल्याच खोक्याने वाढलं नसतं.

पावसाळा संपल्यावर दिवाळीआधी गाडी बोलावून पुन्हा उघडली. उजव्या पॅडच्या दोन टोकांतला फरक दोन दशांशाच्या आत, पिना बोटाने सरकतात, बूट कोरडे. डिस्कच्या जाडीतला फरक एक शतांशाच्या पुढे गेलेला नाही. करूळ उतरताना पॅडल मऊ पडल्याची तक्रार पुन्हा आली नाही. बिलाच्या मागे भाग क्रमांक, बसवताना मोजलेली मापं आणि ऑइल बदलल्याची तारीख लिहून दिली आहे. दोन वर्षांनी ऑइल पुन्हा बदलायचं. मागचे शू पुढे कधीतरी बदलायला येतील. तिथे झीज हळू असते आणि तापही कमी, म्हणून ते नावाजलेल्या उत्पादकाचे बाजारातलेच घालायचं ठरलं आहे. व्हील सिलिंडरची किट मात्र कंपनीची. यावर बाई आणि मेहुणे, दोघेही राजी आहेत.